लबकहून आई-बाबांना

लबक, टेक्सास
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार. धाकटीला अनेक आशीर्वाद.

मी इथे खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, गरम कपडे पुरेसे आहेत, खोकला पूर्ण गेला. आई, हे तू दर फोनला विचारतेस म्हणून आधीच लिहून टाकलं. प्रयोगशाळा, खोली, सोबतची मुलं, यातलं काही बदललेलं नाही. एक मित्र या आठवड्यात नागपूरला निघालाय, त्याच्याबरोबर हे पाकीट पाठवतोय. फोनवर तुमची सकाळची घाई असते, माझे डोळे मिटायला लागलेले असतात, आणि जे खरं बोलायचं ते राहून जातं.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "दर शनिवारी मैदानावर जाऊन बसायला तिकडे गेलास का?" काळजीने म्हणालात, कळतं मला. तरी लागलं. म्हणून सांगतो. आमच्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलचे सामने दर शनिवारी इथे नसतात, अर्धे दुसऱ्यांच्या गावी असतात. तिकिटाचे वेगळे पैसे पडत नाहीत, विद्यार्थ्यांचं ते फीमध्येच धरलेलं असतं. धाग्याच्या मजबुतीची मोजमापं शुक्रवारी रात्रीच उरकून मी जातो. सर स्वतः सामन्याला येतात. दारूच्या वाऱ्यालाही मी उभा राहत नाही, हे आत्याला पण सांगा.

आणि हे गाव कसं आहे ते तुम्ही डोळ्यासमोर आणा. चारी बाजूंना सपाट रान, डोंगर नाही, नदी म्हणावी अशी नदी नाही, वारा सुटला की लाल धूळ. जिकडे बघावं तिकडे पऱ्हाटी. या दिवसांत यंत्रं अख्खी ओळ ओरबाडत जातात, आणि सडकेच्या दोन्ही कडांना कापसाचे पुंजके अडकलेले दिसतात. पहिल्या वर्षी ते बघून मी सायकल थांबवून उभा राहिलो होतो. अशा गावातली पोरं ऑस्टिनच्या किंवा ओक्लाहोमाच्या श्रीमंत विद्यापीठांशी खेळायची. धिप्पाड, नावाजलेली पोरं आधी त्यांच्याकडे जायची, उरलेली इकडे.

मग २००० साली इथे माइक लीच नावाचे प्रशिक्षक आले. वकिलीची पदवी घेतलेला माणूस, स्वतः कॉलेजच्या संघात कधी खेळलेला नाही. हॅल मम नावाचे दुसरे प्रशिक्षक आणि हे, दोघांनी १९८९ मध्ये आयोवातल्या एका लहानशा कॉलेजात एक पद्धत बसवायला घेतली होती. तिला इथे 'एअर रेड', म्हणजे हवाई हल्ला, म्हणतात. तोवरचा खेळ म्हणजे चेंडू काखेत मारायचा आणि गर्दीत डोकं घालायचं. त्यात जो जाड तो जिंकणार. यांनी ठरवलं की गर्दीच नको. पुढच्या फळीतल्या पोरांना एकमेकांपासून तीन-तीन फूट, कधी त्याहूनही लांब उभं केलं. त्यामुळे समोरच्याला धावून यायला लांबून यावं लागतं. चेंडू पकडणारे मैदानाच्या पार या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवले. आणि चेंडू फेकायचा, पुन्हा फेकायचा, फेकतच राहायचा.

बाबा, मला यातलं सगळ्यात आवडलेलं सांगतो. दुसऱ्या संघांच्या डावपेचांच्या जाडजूड वह्या असायच्या. लीच यांच्या हातात घडी घातलेला एक कागद असायचा. डाव मोजके, पण तेच रोज, इतके रोज की पोरांना झोपेत उठवलं तरी पाय बरोबर पडावेत. त्यातला 'मेश' नावाचा डाव मी आता लांबूनही ओळखतो. दोन पोरं दोन बाजूंनी निघतात, पाच-सहा यार्डांवर एकमेकांना छेद देतात, इतक्या जवळून की हाताला हात लागावा. त्यांच्या मागे लागलेले बचाववाले तिथे एकमेकांवर आदळतात किंवा वळसा घालतात, आणि त्या क्षणभरात एक जण मोकळा सुटतो. बचाववाले मागे न लागता आपापली जागा धरून थांबले, तर ही पोरं त्यांच्यामधल्या फटीत जाऊन उभी राहतात. म्हणजे डाव एकच, उत्तरं दोन. कुठलं ते ओळखायचं काम एकाचं, तो चेंडू फेकणारा, क्वार्टरबॅक.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं आहे. त्यातला प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. आता शिरस्त्राणात छोटा रेडिओ असतो, मागच्या वर्षीपासून तशी परवानगी मिळाली. बाहेरून प्रशिक्षक त्याच्या कानात डाव सांगतात. पण डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं त्याचं त्याने बघायचं. बचाववाला अर्धा पाऊल कुठे सरकला, कोण नुसतं दाखवतोय आणि कोण खरंच धावून येणार, सगळं त्या १५ सेकंदांत. चेंडू हातात आल्यावर तर दोन-तीन सेकंदच, आणि शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येतायत. मी बाकी सगळं सोडून त्या वेळी फक्त त्याच्याकडे बघतो.

या पद्धतीने या गावाला काय दिलं ते ऐका. १ नोव्हेंबर २००८ ला देशात पहिल्या क्रमांकाचा, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा संघ इथे आला होता. ८ सेकंद उरलेले, आपण एका गुणाने मागे, आणि ग्रॅहम हॅरेलने मायकेल क्रॅबट्रीला कडेला फेकलेला चेंडू थेट टचडाऊनला गेला, म्हणजे शेवटच्या रेषेपार, सहा गुण. ३९-३३. इथल्या दुकानदाराला, न्हाव्याला, कोणालाही विचारा, तो कुठे उभा राहून बघत होता ते सांगतो. पॅट्रिक माहोम्स, जो आता सगळ्या अमेरिकेत गाजतो, तोही इथल्याच संघातला. २०१६ मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध त्याने एका रात्रीत ७३४ यार्ड फेकले, आणि तरीही संघ ६६-५९ असा हरला, कारण समोरच्याला अडवायला आपल्याकडे कोणी नव्हतं. नुसत्या आक्रमणावर किती वर्षं काढणार? कौतुक भरपूर झालं, करंडक आला नाही.

यंदा बचावही खणखणीत आहे. पैसाही आला आहे, ते लपवत नाही. लीच यांच्याच संघात खेळलेला कोडी कॅम्पबेल तेलाच्या धंद्यात मोठा झाला आणि त्याने इथे हात सैल सोडला. या जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना सरळ पैसेही देऊ शकतात. पोरं हाडं मोडून घेतात, त्यांना मिळालेच पाहिजेत असं माझं मत आहे. पण माझा जीव ज्याच्यात अडकलाय त्याला विकत आणलेलं नाही. बेहरेन मॉर्टन. टेक्सासमधल्याच ईस्टलंड या लहान गावचा. आजकाल पोरं दर वर्षी संघ बदलतात, हा इथेच राहिला. गेल्या हंगामानंतर खांद्याची शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरात यूटामध्ये मार बसून बाहेर गेला, ऑक्टोबरात कॅन्ससविरुद्ध पाय दुखावला. तो नसताना ॲरिझोना स्टेटशी २६-२२ असे हरलो. यंदाची हार तेवढीच. मग त्याच्या जागी खेळणाऱ्या विल हॅमंड या पोराचा गुडघा गेला, आणि १ नोव्हेंबरला मॉर्टन परत उभा राहिला. तो माहोम्ससारखा चमत्कार करत नाही. मॅक लेफ्टविच हे नवे आक्रमण-प्रशिक्षक चेंडू घेऊन पळायलाही लावतात, घाईघाईने पुढचा डाव मांडायला लावतात, आणि मॉर्टन जे मोकळं दिसेल ते घेतो, नसेल तर चेंडू सरळ बाहेर फेकून देतो. चेंडू बाहेर फेकला की आजूबाजूची पोरं हळहळतात. मला त्यातच त्याची समज दिसते.

मागच्या शनिवारी बीवाययूचा, म्हणजे यूटातल्या ब्रिगम यंग विद्यापीठाचा, एकही सामना न हरलेला संघ आला होता. गंमत म्हणजे मम यांनी आपली पद्धत मुळात बीवाययूचाच जुना खेळ बघून उभारली होती. आपण २९-७ ने जिंकलो, त्यात पाच वेळा तर नुसती लाथ मारून चेंडू खांबांमधून घातला. काल फ्लोरिडातल्या यूसीएफ विद्यापीठाला ४८-९. माझा आवाज अजून बसलेला आहे, आई, तो खोकला नाही.

आता पोळ्यांबद्दल. धाकटीने तो व्हिडिओ तुला दाखवायला नको होता. पण दाखवलाच आहे, तर पूर्ण ऐक. त्या टॉर्टिया, मेक्सिकन लोकांच्या पोळ्या. सामना सुरू होताना पहिली लाथ बसली की हजारो लोक त्या मैदानावर फेकतात, हे खरं आहे. का फेकतात याच्या चार गोष्टी मी चार जणांकडून ऐकल्या. एक म्हणजे कोणीतरी टीव्हीवर म्हणालं होतं की लबकमध्ये फुटबॉल आणि टॉर्टियाचा कारखाना सोडून काही नाही, त्याला हे उत्तर. तीसेक वर्षं चाललंय. मधोमध भोक पाडलं की ती लांब जाते, म्हणून पोरं आदल्या रात्री बसून बाटलीच्या झाकणाने भोकं पाडतात. आत न्यायला मनाई, तर कोणी बुटात घालतं, कोणी सदऱ्याखाली पोटाला लावतं. शिळ्या जास्त चांगल्या, त्या वाकत नाहीत. वारा उलटा असला की मागच्यांच्या पोळ्या पुढच्यांच्या डोक्यावर. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मलाही तुझ्यासारखंच पोटात कालवलं. अन्न आहे, आणि खेळाडूंच्या पायाखाली येतं. शेजारच्या मुलीने मला एक दिली होती. मी ती फेकली नाही, घडी करून खिशात ठेवली आणि खोलीवर येऊन तू दिलेल्या ठेच्याबरोबर खाल्ली. खरंच.

आणि आता ते बंदही झालं. यंदा नियम आला की पोळ्या पडल्या तर संघाला १५ यार्डांची शिक्षा. कॅन्ससच्या सामन्यात दोनदा बसली, वर २५,००० डॉलर दंड. मग विद्यापीठानेच हात जोडून सांगितलं, बस करा. म्हातारे लोक हिरमुसले आहेत, मला बरं वाटलं. तेव्हा तू त्यावरून जेवण सोडू नकोस आणि शेजारी "माझा मुलगा अन्न तुडवणाऱ्यांत राहतो" असं म्हणू नकोस. ही माणसं वाईट नाहीत. दिवाळीला मी एकटा पडेन म्हणून याच लोकांनी मला जेवायला बोलावलं, आणि मी पुरणपोळ्या करून नेल्या. तुझ्यासारख्या फुगल्या नाहीत, पण संपल्या.

बाबा, कापसाचं. सप्टेंबरच्या पावसाने खालची बोंडं सडली, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, मामांकडून कळलं. सीसीआयला, सरकारच्या कापूस महामंडळाला, द्यायचा असेल तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते, धाकटीकडून झाली का विचारा. ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर घेत नाहीत, ८ च्या वर कपात होते, म्हणून दोन उन्हं जास्त द्या. लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला ८,११० आहे, व्यापाऱ्याला सहा-साडेसहाला घालू नका. कापसावरचं आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ आहे, बाहेरच्या गाठी येतायत, त्याने भाव दबलाय. त्यातल्या काही या सपाट रानातल्याही असतील. मी दिवसभर त्याच कापसाचा धागा मोजतो, बाबा. हे तुम्हाला फोनवर बोलायचं होतं, जमलं नाही.

धाकटीच्या लग्नाचं आता लिहितो. फेब्रुवारीची तारीख धरा, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. माझ्या व्हिसाचा शिक्का संपलेला आहे, आलो तर परत यायला नवा लागेल, आणि या वर्षी त्याच्या तारखा मिळत नाहीत, मिळाल्या तरी अडकण्याची भीती आहे. सरांनी स्पष्ट सांगितलं, प्रबंध पूर्ण होईपर्यंत बाहेर जाऊ नकोस. मी दोनदा विचारलं त्यांना. म्हणजे मी येत नाही. धाकटे, तू रागाव, पण बाबांसमोर रडू नकोस. मंडपात माझ्या जागी मामा उभे राहतील, मी त्यांच्याशी बोललो आहे.

खात्यावर एक लाख साठ हजार टाकले आहेत. त्यातून कर्जाचा या महिन्याचा हप्ता आधी भरा, बाकी लग्नाला. जानेवारीत आणखी पाठवीन. नाल्याकडच्या वावराला हात लावू नका, कोणी कितीही दिले तरी. मी उपाशी राहून पैसे पाठवत नाही, आई, विद्यावेतन वाढलं आहे.

आत्याने सांगितलेल्या अमरावतीच्या स्थळाला सध्या नाही कळवा. मुलगी चांगली आहे, फोटो बघितला. पण मी कधी येणार हे मलाच माहीत नसताना कोणाच्या लेकीला ताटकळत ठेवू? आत्याला वाईट वाटेल, मी स्वतः फोन करतो.

पत्र पोचल्यावर मिस्ड कॉल द्या. आजीला नमस्कार.

तुमचा,
थोरला

ता. क. पाकिटासोबतचा लाल सदरा बाबांसाठी आहे, आमच्या संघाचा. थंडीत वावरात जाताना घालतील. धाकटीच्या साडीचे पैसे वेगळे, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आहेत. ते कर्जात घालायचे नाहीत.