दिवा ओबडधोबड दिसू दे, वायरिंग नको

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ती शिडी धर" म्हणून विषय मोडता. शिवाय जुन्या लाकडाचे, गंजक्या लोखंडाचे दिवे घरच्या घरी करणारे आमच्यासारखे पुष्कळ जण आहेत. तुम्ही आमच्या टेबलावर जे दाखवलंत ते त्यांनी वाचलं तर तुमची ना नसावी.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आम्हाला वाटलं, गिऱ्हाईक आहे. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. चादर सोडलीत तर आत आमचाच दिवा: तुळईचा तुकडा, त्यातून पुढे आलेला गंजलेला लोखंडी पाइप आणि पाइपच्या टोकाला सुताच्या वेष्टनातल्या वायरवर लोंबणारा बल्ब. बाबांचा सगळ्यात लाडका नमुना. पाइप दादाने वाकवलेला, वेष्टन आईने शिवलेलं, फोटो मी काढलेले. तुम्ही तो टेबलावर ठेवलात, प्लग लावलात आणि खिशातला टेस्टर पाइपला टेकवलात. टेस्टरमधला लाल ठिपका पेटला.

कुणी बोललं नाही. बाबा रोज त्याच पाइपवरून फडकं फिरवायचे, त्यांनी नकळत हात मागे घेतला. "टेस्टर कधीकधी उगाचही पेटतो, नुसत्या त्याच्यावर जायचं नाही," असं म्हणून तुम्ही मीटर लावलात. मीटरने लाइनचा पुरा आकडा दाखवला.

नंतर कळलं की तो दिवा ज्यांनी घेतला होता त्या घरी तुम्ही भलत्याच कामाला गेला होता. घरातल्या बाई सहज म्हणाल्या, "हा दिवा पुसताना हाताला मुंग्या येतात हो." तुमच्या जागी दुसरा असता तर "कुणी केलाय हा, अकलेचा कांदा" म्हणून मोकळा झाला असता, आणि आमचं नाव तिथेच संपलं असतं. तुम्ही त्यांना एवढंच सांगितलंत, "मी घेऊन जातो, नीट करून आणतो." पहिले आभार त्या एका वाक्याचे.

मग तुम्ही वायर ओढून बाहेर काढलीत आणि आमच्यापुढे धरलीत. एका जागी वेष्टन चिरलेलं, खालचं प्लास्टिक चिरलेलं, आतून तांबं डोकावत होतं. पाइप कापल्यावर तोंडाशी जी धारदार कड राहते (दादा तिला 'बर' म्हणतो) ती आम्ही काढलीच नव्हती. उलट ती खरबरीत कड आम्हाला शोभेची वाटायची! हातकामाची खूण म्हणून मी तिचा जवळून फोटोही टाकला होता. दिवा वाऱ्याने हलला, पुसताना हलला, की ती कड वायरीवर करवतीसारखी चालायची. भरीला वायर दोन तारांची. अर्थिंग नाहीच. तांबं पाइपला लागल्यावर करंटला जायला वाट होती ती फक्त पुसणाऱ्याच्या अंगातून.

त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते दादाने खडूने भिंतीवर लिहून ठेवलंय: "दिवा ओबडधोबड दिसू दे, वायरिंग नको."

पुढचे दोन तास तुम्ही दादाला शेजारी बसवून तोच दिवा पुन्हा बांधलात. गोल कानशीने पाइपची तोंडं आतून-बाहेरून घासून घेतलीत, "करंगळी फिरव, कुठे टोचता कामा नये". दोन्ही तोंडांना रबरी बुश. तीन तारांची वायर. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज नेहमी मधल्या पत्रीला आणि न्यूट्रल आट्यांच्या कवचाला, म्हणजे बल्ब फिरवताना बोट चुकून कवचाला लागलं तरी निभावतं. आमचं नेमकं उलटं होतं. होल्डरच्या टोपीत वायरीला गाठ, म्हणजे कुणी ओढलं तर ताण गाठीवर येतो, स्क्रूवर नाही. आणि अर्थिंगची हिरवी-पिवळी तार टोकाला लग (धातूची कडी) लावून पाइपला.

इथे बाबा आडवे आले. आठवतंय? तो गंज त्यांनी दोन आठवडे मिठाच्या पाण्याने आणून, वर लाखेचा हात देऊन पक्का केला होता. तुम्ही म्हणालात, गंज आणि लाख दोन्हींतून वीज धड जात नाही, अर्थिंगचा लग बसेल तिथे लोखंड चकचकीत उघडं पाहिजे. बाबा म्हणाले, "मग रंगच उडवायचा?" तुम्ही काही न बोलता पाइप उलटा केलात, लाकडात जाणाऱ्या भागावर नाण्याएवढी जागा घासलीत, दातेरी वायसर घालून लग आवळलात आणि पाइप परत सरळ केलात. काही दिसत नव्हतं. बाबा जरा वेळाने म्हणाले, "हं." आमच्या घरात याला होकार म्हणतात.

तोवर असे 23 दिवे आमच्याकडून गेले होते. दादाचं मत होतं, ज्याची तक्रार येईल त्याचा बदलून देऊ. खरं सांगते, माझंही तेच होतं. सगळ्यांना कळवलं तर तोंड काळं होईल अशी भीती. आईने वही काढली. कोण, कधी, कुठला नमुना, सगळं तिच्या बारीक अक्षरात होतं. आणि फोन फिरवायला लागली. "आमच्या दिव्यात चूक आहे, प्लग काढून ठेवा, आम्ही येतोय." इतकंच, पाल्हाळ नाही. 21 परत आले, दोन घरांनी जागच्या जागी दुरुस्त करून घेतले. त्या सगळ्यांच्या वायरी तुम्ही आणि दादाने बदलल्यात. मजुरीचं विचारलं तर म्हणालात, "आधी हे 23 निस्तरू." ते निस्तरले, मग तुम्ही विषयच काढू दिला नाहीत.

तेलाच्या फडक्यांचा दिवस मात्र मला अजून झोपेत आठवतो. लाकडाला आम्ही जवसाचं तेल लावतो आणि पुसलेली फडकी कोपऱ्यातल्या बादलीत टाकायचो. तुम्ही जाता जाता बादलीशी थबकलात, नाक उडवलंत आणि हात घातलात. मलाही घालायला लावलात. वरची फडकी गार होती, आत मात्र ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी ऊब. ना ऊन, ना चूल, ना ठिणगी. जवसाचं तेल 'वाळतं' म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि त्यात उष्णता सुटते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळ्यात कोंडते, आणि वाढत वाढत फडकं आपोआप पेटू शकतं, हे तुम्ही फडकी अंगणात एकेक पसरताना सांगितलंत. बादलीच्या शेजारी रंध्याचा भुसा होता. वर लाकडाचा माळा. आता फडकी दोरीवर सुटी वाळतात, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जातात, आणि त्या डब्याची जबाबदारी आईची आहे, त्यामुळे चूक होत नाही.

बल्बवरून तुमचं-बाबांचं भांडण तर महिनाभर चाललं. बाबांना तारेचा जुना 60 वॉटचाच हवा होता. तुम्ही तो आमच्या काचेच्या बरणीच्या दिव्यात लावून, झाकण लावून, तासभर चालू ठेवलात. मग बंद करून झाकणाला हात लावायला सांगितलंत. बाबांनी लावला आणि चटकन काढला. अशा बल्बची जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच जाते, उजेड त्यातला थोडकाच. आणि आमच्या वरच्या बाजूला ताग, दोरी, सुकं लाकूड. एलईडी 8-9 वॉटमध्ये तेवढाच, साधारण 800 ल्युमेन उजेड देतो हे बाबांना पटलं, पण आम्ही आणलेला पहिला एलईडी त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "हा दवाखाना झाला." ते बरोबरच होतं. तो 6500 केल्विनचा, म्हणजे निळसर-पांढऱ्या उजेडाचा निघाला. तुम्ही 2700 चा, पिवळसर उजेडाचा आणलात, वर रंग खरे दाखवण्याचा आकडा, सीआरआय, 90 च्या पुढचा. त्या उजेडात जुन्या तुळईतला तांबूसपणा वर आला आणि भांडण मिटलं. फक्त बरणीच्या झाकणाला भोकं पाडा, हे तुम्ही जाताना दारातून ओरडून सांगितलंत. एलईडीच्या बुडातलं सर्किट कोंडलेल्या उष्णतेत लवकर मरतं म्हणून.

टांगण्याच्या दिव्यांची परीक्षा आम्हाला नवीनच होती. दिव्याचं जितकं वजन त्याच्या चौपट तासभर टांगून ठेवायचं, आंतरराष्ट्रीय मानकातच तसं आहे, हे तुमच्याकडून कळलं. आमचं ओंडक्याचं झुंबर 6 किलोचं. 24 किलो वाळू भरून पोतं टांगलं आणि सगळे खुर्च्या टाकून बसलो. विसाव्या मिनिटाला हूक हळूहळू सरळ व्हायला लागला. आवाज नाही, काही नाही, नुसता चंद्रकोरीचा काटा होत चालला. तोच हूक आम्ही जेवणाच्या टेबलांवर लावायला देत होतो. तेव्हापासून हूक बनवलेला आणायचा नाही, दादा स्वतः जाड सळईचा वळवतो, आणि पोतं कायमचं माळ्यावर आहे.

एका गोष्टीत मात्र तुम्ही हरलात, तीही लिहायला हवी, नाहीतर बाबा मला सोडणार नाहीत. रुंद फळीवर लोखंडी पट्टी तुम्ही चारही स्क्रूंनी कचकचून आवळलीत. बाबा म्हणाले, लाकूड आडवं फुगतं आणि आक्रसतं, लांबीला फारसं नाही. असं जखडलं तर चिरणार. तुम्ही हसलात. कोरडी हवा सुटली आणि फळी बरोबर मधोमध तडकली. आता पट्टीला एका बाजूची भोकं लांबट असतात, त्यांत स्क्रू सरकतो. तुम्ही ती तडकलेली फळी मागून घरी नेलीत. तशा फळ्या जपून ठेवणारा माणूस दिव्याचं पत्र वाचेल अशी मला खात्री आहे.

आता प्रत्येक दिवा बाहेर पडण्याआधी दादा मेगर (वीज कुठे गळते का ते तपासणारं यंत्र) लावतो, 500 व्होल्ट, 1 मिनिट, आणि आकडा आईच्या वहीत जातो. गिऱ्हाइकाला ते पान दिसत नाही. त्याला गंज दिसतो, किडीने खाल्लेली भोकं दिसतात, रंध्याचे ओरखडे दिसतात, आणि त्यासाठीच तो घेतो. चालायचंच. बाबांना हे सुरुवातीला टोचायचं, आता ते स्वतः नव्या मुलांना पाइप उलटा करून आतली घासलेली जागा दाखवतात, जणू ती त्यांचीच कल्पना.

राहिला तुमचा दिवा. तुम्ही पैसे घेत नाही म्हणून चौघांनी मिळून केला: त्याच पहिल्या नमुन्याचा, तसाच तुळईचा तुकडा, तसाच वाकवलेला पाइप, वेष्टनाचं सूत आईने या वेळी निळं घेतलंय. घेऊन आलो तेव्हा तुम्ही "आधी तपासतो" म्हणालात, बल्ब धरून वायर खाली ओढलीत, आणि ती दोन बोटं खाली आली. टोपीतली गाठ सैल होती. गाठ मी मारली होती, दादाने नाही. "जमेल तेव्हा आणा," म्हणून तुम्ही दिवा परत दिलात आणि आत निघून गेलात.

गाठ सोडून नव्याने बांधली आहे, काका. दादाने ओढून पाहिली, बाबांनी ओढून पाहिली, आई तर लोंबकळायचीच बाकी राहिली. दिवा टेबलावर आहे. केव्हाही या आणि ओढून बघा.

तुमची,
कारखान्यातली पोरगी
(जिने कडेचा फोटो टाकला होता ती)