मशीन लाव आणि फिरायला ये

प्रिय मित्रा,

परवा फोनवर मी विचारलं एक आणि तू उत्तर दिलंस भलतंच. मग "ठीक आहे रे सगळं" म्हणून फोन ठेवून दिलास. फिरायला येणंही बंद केलंस. गुडघ्यांचं कारण बाकीच्यांना सांग. चौघांच्या गप्पांत कोण काय बोललं ते कळत नाही, सारखं "काय म्हणालास?" विचारायचा संकोच वाटतो, म्हणून तू घरी बसतोस. मला दिसतं ते.

कानाचं मशीन कपाटात ठेवू नकोस. ज्यांवर उपाय करून स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करता येतो, अशा 14 गोष्टी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 साली सांगितल्या. त्यांत ऐकू कमी येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. तुझ्या बाबतीत पहिलीमुळेच दुसरी आली. सुरुवातीला पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, सगळं अंगावर येतं. सवय व्हायला काही आठवडे लागतात. रोज थोडा वेळ लाव आणि आधी एकाशीच बोल. तो एक मी. समोर बसून सावकाश बोलेन. ओरडणार मात्र नाही, ओरडलं की शब्द आणखीच अस्पष्ट होतात.

वहिनी गेल्यापासून "कुणाला त्रास नको" हे एकच पालुपद धरलंयस. मुलं प्रेमाने चौकशी करतात, पण त्यांना काळजी नको म्हणून रात्री झोप लागत नाही हे तू त्यांना सांगत नाहीस. ते मला सांग. मी तोडगे सुचवणार नाही, नुसतं ऐकेन. वहिनींचा विषय निघाला की तू बोलणं दुसरीकडे नेतोस. अरे, मलाही त्यांची आठवण येते. तुझ्याशिवाय कुणाशी बोलू?

जगात दर 6 माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो, असं जागतिक आरोग्य संघटनेचा 2025 चा अहवाल सांगतो. तेव्हा हे तुझ्यातलं काही उणं आहे असं मनात आणू नकोस.

रोज सकाळी सातला फोन करीन. बोलायला काही नसलं तर पेपरातलं काहीतरी वाचून दाखव. मन नसेल त्या दिवशी "आज नको" एवढंच म्हण, मी समजेन. पण फोन उचल.

आणि माझंही एक काम आहे. पुढच्या आठवड्यात डोळे तपासायचे आहेत. थेंब घातले की काही तास सगळं धूसर दिसतं आणि आता एकट्याने परत यायची मला भीती वाटते. मुलाला सांगितलं तर तो रजा काढेल, पण मला तू सोबत हवा आहेस. कुठला दिवस जमेल ते उद्याच्या फोनवर सांग.

तुझाच,
जुना सोबती