मेयोनीजच्या बरणीवरून

प्रिय मन्या,

तुझं पत्र पोचलं. प्रकृतीबद्दल जेमतेम चार ओळी आणि मेयोनीजबद्दल पानंच्या पानं, यावरून तू ठणठणीत आहेस एवढं कळलं. वहिनींना आणि मुलांना माझा नमस्कार-आशीर्वाद सांग, आणि आता भांडायला बस.

तुझं म्हणणं असं की सगळ्या बरण्यांत शेवटी तेल, अंडं आणि काहीतरी आंबट असतं, मग एकेका ब्रँडसाठी लोक एवढे हट्टाला का पेटतात? आणि वर तुझा निकाल: जे गोडसर असतं तेच चांगलं. हा निकाल तू कसा लावलास तेही मला ठाऊक आहे. बरणी उघडायची, चमचा बुडवायचा, थेट तोंडात. अशा परीक्षेत गोड असेल ते जिंकणारच रे! पण मेयोनीज नुसतं चाटायला केलेलं नसतं. ते कशाबरोबर खायचं यावर त्याचं बरंवाईट ठरतं, आणि ज्या भागात ते ज्या पदार्थाबरोबर खातात तशी तिथली आवड घडते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता पुरावे घे.

अमेरिकेच्या दक्षिण भागातलं ‘ड्यूक्स’ बघ. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलच्या युजीनिया ड्यूक या बाई १९१७ साली जवळच्या छावणीतल्या सैनिकांना सँडविच विकायच्या. सँडविच खपलेच, पण लोक आतलं मेयोनीज वेगळं मागायला लागले. १९२९मध्ये बाईंनी ते रिचमंडच्या सॉअर कंपनीला विकलं. या मेयोनीजमध्ये साखर अजिबात नाही. बलकाचा दाटपणा आणि व्हिनेगरचा ठसका. चमच्यानं खाल्लंस तर तोंड वाकडं करशील. पण तिकडे उन्हाळ्यात टोमॅटो सँडविच हा जवळजवळ धर्म आहे: मऊ पांढरा ब्रेड, पिकलेल्या टोमॅटोच्या जाड चकत्या, मीठ, मिरपूड आणि सढळ हातानं ड्यूक्स. पिकलेला टोमॅटो स्वतःच गोड असतो. त्यावर आणखी गोड कशाला? शिवाय तेलाचा थर असल्यामुळे टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये लवकर मुरत नाही. म्हणून मेयोनीज अगदी कडेपर्यंत फासायचं. मधोमध एक ठिपका टाकून मोकळे होणारे लोक मला कधीच कळलेले नाहीत. (यात तूही आलास.)

‘हेलमन्स’ची गोष्ट आणखी मजेची. रिचर्ड हेलमन हा जर्मनीहून आलेला माणूस. न्यूयॉर्कमध्ये १९०५च्या सुमारास त्यानं खाद्यपदार्थांचं दुकान काढलं आणि तिथलंच मेयोनीज पुढे निळ्या फितीची खूण लावून बाटलीबंद केलं. पश्चिमेकडे ‘बेस्ट फूड्स’चं मेयोनीज आधीच रुळलेलं होतं. पुढे दोन्ही एका छत्राखाली आली, पण नावं तशीच ठेवली: रॉकी पर्वताच्या पूर्वेला हेलमन्स, पश्चिमेला बेस्ट फूड्स. बरणी जवळपास सारखी, फीतही तीच. तरी दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगतात की आमचंच जास्त चांगलं, पलीकडचं जरा आंबट. इथे तुझ्या बाजूनं एक गुण देतो: हट्ट नेहमी जिभेचाच असतो असं नाही.

आता तुझं लाडकं गोड प्रकरण. ‘मिरॅकल व्हिप’ क्राफ्ट कंपनीनं १९३३मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आणलं. मंदीचा काळ होता, तेल महाग पडायचं. यात तेल कमी, साखर आणि मसाले जास्त, आणि किंमतही कमी. अमेरिकेच्या नियमानुसार मेयोनीज म्हणवून घ्यायला वजनाच्या किमान ६५ टक्के वनस्पती तेल, शिवाय अंड्याचा बलक लागतो. त्यात हे बसत नाही, म्हणून बरणीवर ‘ड्रेसिंग’ लिहावं लागतं. म्हणजे तू ज्याची मेयोनीज म्हणून बाजू लढवतोस ते कायद्यानं मेयोनीजच नाही! पण ते टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. खारवलेलं मांस, कडक चीज, कच्चा कांदा असं तिखट-खारट काही असेल तर तो गोडवा शोभतो. ब्रिटिशांचं सॅलड क्रीमही याच जातकुळीचं, पातळ आणि आंबटगोड. हाइन्झनं ते १९१४पासून विकलं, आणि काकडी किंवा उकडलेल्या अंड्याबरोबर ते मलाही आवडतं. झालं समाधान?

बेल्जियमवाले मात्र कडक. तिथे १९५५च्या शाही आदेशानं मेयोनीजमध्ये किमान ८० टक्के तेल आणि साडेसात टक्के बलक ठरवून टाकला होता; ही अट २०१६मध्ये सैल केली. दोनदा तळलेल्या गरमागरम बटाट्याच्या फ्राइजवर पातळ मेयोनीज लगेच ओघळतं, दाट असेल तर चिकटून राहतं. ते प्रमाण वाचलं की मला आधी तो बटाटाच दिसतो. शेजारच्या नेदरलँड्समध्ये फ्राइजसाठी कमी तेलाचा, गोडसर सॉस चालतो. सीमा ओलांडली की बटाटा तोच, वाद नवा.

जपानचं ‘क्युपी’ १९२५चं. अख्खं अंडं नाही, फक्त बलक. त्यामुळे रंग पिवळसर आणि चव भरीव, त्यात मोनोसोडियम ग्लुटामेटची (आपल्याकडचं अजिनोमोटो) खुमारी. बरणीऐवजी मऊ, दाबायची बाटली. ओकोनोमियाकीवर, म्हणजे तिथल्या कोबीच्या जाड धिरड्यावर, बारीक रेघा ओढायच्या तर चमचा काय कामाचा? अंड्याच्या सँडविचला मी यापुढे दुसरं काही लावणार नाही, हे लिहून घे. चिलीतले लोक हॉटडॉगवर टोमॅटो, अवोकाडो आणि मेयोनीजचा ढीग रचून त्याला ‘इतालियानो’ म्हणतात, कारण इटलीच्या झेंड्याचे तिन्ही रंग जमतात. एवढ्या मेयोनीजपुढे माझीही छाती दडपते.

व्हेजिमाइट आणि मार्माइटबद्दल विचारलंयस. दोन्ही यीस्टचे अर्क, काळे, भयंकर खारट. भाजलेल्या ब्रेडवर आधी लोणी, मग त्याचा अगदी पुसटसा हात. चॉकलेटसारखं जाड थापून नंतर शिव्या देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

तर माझी निवड: टोमॅटोला बिनसाखरेचं, अंड्याला क्युपी, फ्राइजला दाट बेल्जियन पद्धतीचं, आणि चीज-कांद्याला, घे बाबा, तुझं गोड. घरी करायचं झालं तर बलक गार नको, थोडी मोहरी घाल, आणि सुरुवातीला तेल थेंबाथेंबानंच. बलकातलं लेसिथिन तेलाचे बारीक कण धरून ठेवतं. घाई केलीस की फाटतं. फाटलं तर टाकू नकोस, नव्या बलकात ते हळूहळू फेटत घाल, परत जमतं. अंडं कच्चंच राहतं, म्हणून पाश्चराइज्ड मिळालं तर तेच वापर आणि लवकर संपव.

पुढच्या पत्रात चमच्याचा निकाल नको. चार स्लाइस, चार बरण्या, एकच टोमॅटो. कुणाला तरी तुझ्या डोळ्यांवर पट्टी बांधायला सांग आणि काय होतं ते कळव.

तुझा,
बंडू

ता. क. बरण्या स्वस्तात मिळाल्या म्हणून फ्रीजरमध्ये ठेवणार आहेस असं लिहिलंयस. ठेवू नकोस. गोठून परत वितळलं की तेल सुटतं.