खिचडीची बातमी तिसऱ्या दिवशी का संपते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतल्या खिचडीत अळी सापडली, मुलांना उलट्या झाल्या, की ती बातमी पहिल्या पानावर येते. यायलाच हवी. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे पुढारी रुग्णालयात पोहोचतात, एक जण राजीनामा मागतो, दुसरा विरोधकांचे कारस्थान म्हणतो. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक निलंबित होतात आणि बातमी संपते. ‘अन्नाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यात आले आहेत’ हे वाक्य तळाशी असते. त्या नमुन्यांत पुढे काय निघाले, हे मला तरी क्वचितच वाचायला मिळाले आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांवर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणारा अधिकारी म्हणून बरीच वर्षे काम केले, आता निवृत्त आहे. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत जेवणानंतर काही मुलांना मळमळू लागले. मुख्याध्यापकांनी धोका न पत्करता पटावरच्या सगळ्याच मुलांना तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, आणि ते योग्यच केले. पण संध्याकाळी वाहिन्यांवर तपासणीला नेलेले प्रत्येक मूल ‘विषबाधित’ ठरले होते. रात्रीपर्यंत सगळी मुले घरी आली, तरी आकडा कुणी खाली आणला नाही. दुसऱ्या दिवशी दोन पक्षांची निवेदने आली, मुख्याध्यापक निलंबित झाले, खिचडी शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायकांचे काम गेले. काही आठवड्यांनी अहवाल आला. खिचडीत काही नव्हते, दोष पिण्याच्या पाण्याच्या टाकीत होता. सगळा गाव खिचडीवर तुटून पडला होता, त्यामुळे त्या टाकीकडे तोवर कुणी पाहिलेच नाही. मुले तेच पाणी पीत राहिली. हा अहवाल मी स्वतः दोन वार्ताहरांना दाखवला. छापला कुणीच नाही.

बातमी फुगवल्यावर काय होते, ते मी शाळाभेटीचे शेरे लिहायच्या शेरेबुकातून पाहिले आहे. त्या प्रकारानंतर तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे कागद एकदम चोख झाले. वाढण्याआधी अन्न चाखून शेरा लिहायच्या चव नोंदवहीत रोज ‘चव उत्तम’ आणि सही, पुष्कळदा महिनाभराच्या सह्या एकाच बैठकीत केलेल्या. दोष लिहिला तर आपल्यावरच येईल, ही भीती. खरे तर ‘आज डाळ कच्ची राहिली, मीठ जास्त झाले’ असे लिहिणारी नोंदवही हीच देखरेख चालू असल्याची खूण. ज्या शाळेत महिनोन् महिने एकही तक्रार लिहिलेली नाही, तिथे मला जास्त काळजी वाटायची.

मध्यान्ह भोजनाचे २०१५ चे नियम आणि मार्गदर्शक सूचना काय सांगतात, ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचायला हवे. मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी, त्यांत किमान एका शिक्षकाने, अन्न चाखायचे. महिन्यातून एकदा तरी अचानक निवडलेल्या शाळांमधून नमुने घेऊन तपासायचे. आहार शिजला नाही तर मुलाला त्या दिवसाचे धान्य आणि स्वयंपाकाचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून द्यायचा. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार मिळाला नाही, तर राज्य सरकारने जबाबदारी निश्चित करायची. हा भत्ता मागायला आलेला पालक मला माझ्या नोकरीत भेटला नाही, कारण असा काही हक्क आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

देखरेख खरी कुठे लागते, तर धान्य उतरवताना. पुरवठादाराचा टेम्पो येतो, पोती भराभर व्हरांड्यात पडतात, चालकाला पुढच्या शाळेची घाई असते. पन्नास किलोचे पोते काट्यावर ठेवले की कधी अठ्ठेचाळीस भरते, कधी त्याहून कमी. काटा बंद असेल किंवा नसेलच, तर मुख्याध्यापक पन्नासच्या पावतीवर सही करतात. घट पुढे त्यांनाच भरून काढावी लागते, आणि ती भरून निघते मुलांच्या ताटातून. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, साडेचारशे उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, असे प्रमाण आहे. त्या पोत्यातली दोन किलो म्हणजे वीस मुलांचा एका दिवसाचा भात.

पैशाचेही तेच. धान्य सोडून डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे असा दर आहे. स्वयंपाकी-मदतनिसांच्या मानधनाचे केंद्र सरकारचे प्रमाण २००९ पासून महिना एक हजार रुपये, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचे. राज्ये त्यात आपल्या पदरची भर घालतात, ती वेगळी. निकृष्ट आहाराची बातमी देताना चौकटीत हा दर छापला, तर वाचकाला निदान कळेल की प्रश्न कुठून सुरू होतो.

अंड्यांच्या वादात हेच निसटले. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळांत आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरले, आणि जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंडा पुलाव व गोड पदार्थ ऐच्छिक करून त्यासाठी वेगळा निधी नाही, लोकसहभागातून सोय करा, असे सांगितले. चर्चा रंगली ती शाकाहार विरुद्ध मांसाहार, हा पक्ष विरुद्ध तो पक्ष. लोकसहभाग म्हणजे नेमके कोण, हे विचारले गेले नाही. ज्या वस्तीवर पालक ऊसतोडीला गेलेले असतात, तिथे वर्गणी कुणाकडे मागायची? म्हणजे ज्या मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच शाळेत ते आधी बंद होणार.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत जेवणानंतर २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. मुलांचे दफन होते न होते तोच बंद पुकारला गेला, आणि शिक्षणमंत्र्यांनी विरोधी पक्षाच्या कटाकडे बोट दाखवले. त्या शाळेला धान्य-तेल ठेवायला वेगळी खोली होती का, वाढण्याआधी कुणी चाखले होते का, हे साधे प्रश्न त्या गदारोळात मागे पडले. ते आजही प्रत्येक शाळेत जाऊन विचारता येतात.

वार्ताहरांनी गप्प बसावे असे मी मुळीच म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मुले मीठ-पोळी खात असल्याची चित्रफीत एका पत्रकाराने समोर आणली, तर प्रशासनाने त्याच्यावरच बदनामीच्या कटाचा गुन्हा नोंदवला. काही महिन्यांनी पोलिसांना तो निर्दोष असल्याचे सांगावे लागले. ती बातमी टिकली, कारण त्याने फक्त ताटात होते ते दाखवले होते. आकडे फुगवलेल्या बातम्या नेमके अशा बातम्यांचे बळ काढून घेतात. एकदा खोटा आकडा सापडला की अधिकारी पुढची खरी तक्रारही ‘मीडियाचा बाऊ’ म्हणून झटकतात. तसे झटकताना मी माझ्या वरिष्ठांना ऐकले आहे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी. विषबाधेची बातमी छापली की अहवाल येईपर्यंत तिचा पाठपुरावा करावा, आणि अहवाल काहीही असो, तो त्याच पानावर छापावा. तपासणीला नेलेली, लक्षणे असलेली आणि दाखल केलेली मुले हे तीन आकडे वेगळे द्यावेत. पुढाऱ्यांच्या भेटीचे फोटो गाळून ती जागा शाळेच्या चव नोंदवहीला, पाण्याच्या तपासणीला आणि पुरवठादाराच्या पावत्यांना द्यावी. आपले तालुका वार्ताहर महिन्यातून एकदा, काहीही घडलेले नसताना, धान्य उतरते त्या दिवशी एखाद्या शाळेत गेले तर फार बरे होईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकांनाही सोबत घ्यावे, त्यांना पोते मोजून घेण्याचा अधिकार आहे. कोणत्या दिवशी टेम्पो येतो, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारले की कळते.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख