महाविद्यालयांच्या लैंगिक छळ तक्रार समित्यांवर विद्यार्थी प्रतिनिधींची निवड का होत नाही?

माननीय संपादक महोदय,

महिलांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ महाविद्यालयीन मुले-मुली रस्त्यावर उतरली की ‘मेणबत्त्या लावून काय होणार’, ‘चार दिवसांचा उत्साह’ असे शेरे वडीलधाऱ्यांकडून हमखास ऐकू येतात. डिसेंबर २०१२ मध्ये ‘निर्भया’ सामूहिक बलात्कारानंतर दिल्लीत रायसीना टेकडी आणि इंडिया गेट परिसरात ऐन थंडीत पाण्याचे फवारे व अश्रुधूर सोसणाऱ्या जमावात मोठा भरणा विद्यार्थ्यांचाच होता. त्या रेट्यामुळे केंद्र सरकारला न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तिच्याकडे सुमारे ८० हजार सूचना आल्या आणि तिने २९ दिवसांत अहवाल पूर्ण केला. मुलीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांची फिर्याद नोंदवून न घेणारा पोलीस शिक्षेस पात्र ठरला, तो त्यानंतर २०१३ मध्ये झालेल्या कायदादुरुस्तीमुळे. (पतीने केलेला बलात्कारही गुन्हा मानावा, ही समितीची शिफारस मात्र सरकारने सोयीस्करपणे बाजूला ठेवली.)

मोर्चातून घरी परतलेल्या या तरुणांना त्यांच्याच महाविद्यालयात काय स्थान आहे, हा खरा प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार लैंगिक छळाचे प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर अंतर्गत तक्रार समितीत पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरील तीन विद्यार्थी असावे लागतात. आणि ते प्राचार्यांनी नेमलेले नव्हे, तर पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावे लागतात. मी शिकवते त्या महाविद्यालयात समितीची यादी सूचनाफलकावर काचेआड लावलेली आहे. तिच्यातील एक सदस्या केव्हाच सेवानिवृत्त झाल्या आहेत आणि ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ या रकान्यात नुसती आडवी रेघ मारलेली आहे. त्याच फलकाशेजारी दर ८ मार्चला रांगोळी स्पर्धेची सूचना न चुकता लागते. निवडणुकीचा विषय काढला की ‘राजकारण शिरेल’ असे सांगितले जाते. तक्रार दाबली जाते तेव्हा शिरलेले राजकारण मात्र कोणाला दिसत नाही.

विद्यार्थ्यांनी सह्यांचे निवेदन देऊन शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच ही निवड घेण्यास प्राचार्यांना भाग पाडावे, आणि संलग्नीकरणासाठी पाहणीस येणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने इमारत व ग्रंथालयाबरोबर या निवडीचे इतिवृत्तही मागून पाहावे.

– एक प्राध्यापिका, सातारा