बंद करणाऱ्यांचे ऐकता, उघडणाऱ्यांचे कधी ऐकणार?

प्रति,
मा. ग्राहक संरक्षण मंत्री

महोदय,

स. न. वि. वि. सहज उघडणाऱ्या वेष्टनांचा नियम याच अधिवेशनात आणू, असे आश्वासन आपण सभागृहात दिले होते. अधिवेशन संपले आणि नियमाऐवजी समिती आली. दरम्यान, बॅटऱ्यांवरचे, चारही कडा वितळवून चिकटवलेले कडक प्लॅस्टिक कापताना त्याची नुकतीच कापलेली कड माझ्या अंगठ्याच्या मुळाशी पात्यासारखी शिरली. टाके पडले, कंडरा दुखावली, शर्टाचे बटण लावायलाही आता दुसऱ्याची वाट पाहावी लागते. बॅटऱ्यांना ओरखडाही आलेला नाही, हे आपल्या माहितीसाठी.

समितीला अभ्यासच करायचा असेल, तर पत्र्याच्या डब्यापासून करावा. पीटर ड्युरँडने त्याचे पेटंट 1810 मध्ये घेतले. सुरुवातीचे डबे छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. एझ्रा वॉर्नरने अमेरिकेत ओपनरचे पेटंट घेतले ते 1858 मध्ये, म्हणजे बंद करण्याची अक्कल येऊन जवळजवळ अर्धशतक उलटल्यावर! एर्मल फ्रेझने 1960 च्या दशकात ओढून उघडणारी कडी आणली, तर लोक ती तोडून फेकू लागले आणि अनवाणी पाय चिरू लागले. झाकणालाच चिकटून राहणारी कडी डॅनियल कुड्झिकने आणली 1975 मध्ये. तोवरच्या पायांचा हिशेब कोणत्या कारखान्याच्या ताळेबंदात आहे?

सरकारे जागी होतात तीही माणसे मेल्यावर. शिकागो परिसरात 1982 मध्ये वेदनाशामक कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळले गेले, सात जण दगावले, आणि मग छेडछाड कळेल अशी सीलबंद वेष्टने औषधांना सक्तीची झाली. अंगठा कापल्याने कोणी मरत नाही, एवढाच बहुधा माझा गुन्हा. (कुणाच्या तरी मरणाची वाट पाहणे हेच धोरण असेल, तर तसे राजपत्रात छापावे.)

मुलांना उघडता येऊ नयेत अशा झाकणांच्या चाचणीत 50 ते 70 वर्षांच्या प्रौढांना ती उघडता येतात का, हेही पाहण्याचा नियम अमेरिकेने 1995 मध्ये केला. म्हणजे मुलांपासून रक्षण आणि म्हाताऱ्या बोटांची सोय एकत्र जमते. जमत नाही ते फक्त आपल्या खात्याला, कारण तिथे वेष्टन करणाऱ्यांना खुर्ची मिळते आणि उघडणाऱ्यांना तक्रारपेटी. आणि हे एका वेष्टनाचे नव्हे, एकूण कारभाराचेच दुखणे आहे.

माझी मागणी एवढीच: कडक वेष्टनावर फाडण्याची छिद्ररेषा सक्तीची करा, आणि विक्रीपूर्वी ते वृद्धांच्या हातांनी उघडून पाहा. ते होणार नसेल, तर आश्वासन कोणाच्या सांगण्यावरून मागे पडले ते लेखी कळवावे. उत्तर पोस्टकार्डावर पाठवावे. लिफाफा फोडायला सध्या माझ्याकडे एकच हात आहे.

आपला,
एक ग्राहक