नऊ मैल लांब सिगारेट

प्रिय मित्रा,

परवा फोनवर जॉन प्राइन या अमेरिकन गायक-गीतकाराचा विषय निघाला तेव्हा तू विचारलंस, ‘मरणावरचं गाणं, आणि म्हणे पाय ठेका धरतात?’ बोलता बोलता ते राहूनच गेलं. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

गाणं आहे ‘व्हेन आय गेट टू हेवन’. २०१८च्या ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ या अल्बममधलं अगदी शेवटचं. प्राइन शिकागोजवळच्या मेवूडचा. आधी पोस्टमन होता, टपाल वाटत फिरताना मनातल्या मनात गाणी रचायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मानेचा कॅन्सर झाला, शस्त्रक्रियेनंतर आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. २०१३मध्ये पुन्हा कॅन्सर, या वेळी फुप्फुसाचा. हे गाणं आलं तेव्हा तो ७१ वर्षांचा होता.

कडवी तो गातच नाही, नुसती बोलतो. ओट्यावर बसून एखाद्या काकांनी बेत सांगावा तशी. स्वर्गात गेलो की आधी देवाशी हस्तांदोलन करीन, आभार मानीन, मग गिटार घेऊन बँड काढीन. आणि ध्रुवपद आलं की सगळं उसळतं. काझूची पिपाणी, पियानो, सोबतीला गाणारी मंडळी! तिथे तो व्होडका आणि जिंजर एल मागवतो, जत्रेतल्या पाळण्यात एका सुंदर मुलीचा मुका घेतो आणि नऊ मैल लांब सिगारेट ओढतो. कॅन्सरमुळे सिगारेट सोडावी लागलेल्या माणसाची ही मागणी आहे, हे लक्षात आलं की हसता हसता घशाशी काहीतरी अडकतं. मनगटावरचं घड्याळही तो काढून टाकणार आहे. तिथे वेळ बघून करायचंय काय!

पुढे तो नाइटक्लब उघडतो, आयुष्यात ज्यांनी ज्यांनी दुखावलं त्या सगळ्यांना माफ करतो. खवचट समीक्षकांनासुद्धा बोलावून बिअर पाजतो. अल्बमचं नाव या क्लबचंच आहे.

पण माझा जीव अडकलाय शेवटच्या कडव्यात. तिथे तो आईवडिलांना शोधतो, भावाला शोधतो आणि मग आईच्या बहिणींना. सगळं प्रेम सुरू होतं ते त्यांच्यापासून, म्हणतो. ‘माय मरो पण मावशी उरो’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि वडील काय सांगायचे? मेलास की मेलास, संपलं. बाबांचं हे म्हणणं खोटं ठरावं, एवढीच त्याची आशा आहे. खात्री नाही, नुसती आशा. गाण्यातला आनंद मला म्हणूनच खरा वाटतो. त्याला ही माणसं भेटायला हवी आहेत, मनापासून हवी आहेत, आणि त्या ओढीनंच चाल नाचते.

७ एप्रिल २०२०ला नॅशव्हिलमध्ये कोविडनं तो गेला. त्यानंतर हे गाणं ऐकताना डोळे भरून येतात खरे, पण ध्रुवपद आलं की मी त्याच्याबरोबर मोठ्यानं गातोच.

हेडफोन लावून, हातातली कामं बाजूला ठेवून ऐक. आणि ऐकून झालं की लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत. तू तिथे आधी कुणाला शोधशील, ते मला ऐकायचंय.

तुझाच,
मित्र